भूत कुणाचं, दोष कुणाचा? : ‘लपाछपी’ या भयपटाची बलस्थानं आणि उणिवा



व्याख्यानाला भुताचा सिनेमा हा विषय जरा हलका वाटू शकतो. संतसाहित्य, इतिहास, शेती, आरोग्य यांच्या रांगेत हे भूत कुठून येऊन बसलं, असंही कुणाच्या मनात आलं असेल. पण भुताच्या गोष्टी आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि त्या फक्त रात्र काढायला सांगितल्या जात नव्हत्या. म्हणून आज एकच सिनेमा घेऊ आणि तो नीट तपासू. सिनेमा आहे विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘लपाछपी’. जुलै २०१७मध्ये तो प्रदर्शित झाला. पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड आणि अनिल गवस यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. पुढे २०२१ साली याच दिग्दर्शकाने तीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ या नावाने केली, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दोनपैकी एक तरी पाहिला असेल.

हाच सिनेमा का घेतला? एक तर तो चांगला आहे. वाईट सिनेमाच्या चुका मोजून काही हाती लागत नाही. चांगला सिनेमा कुठे अडखळतो ते बघितलं, की शिकायला मिळतं. दुसरं असं, की हा सिनेमा जिथे अडखळतो ती जागा आपल्या वाशिम जिल्ह्याच्या फार जवळची आहे. ते शेवटी सांगतो.

आणि एक सूचना. सिनेमाचा शेवट मी सांगणार आहे. त्याशिवाय या विषयावर बोलताच येणार नाही.

आपली भुतं असतात तरी कोण?

आधी आपल्या जुन्या भुतांची यादी आठवू. मुंजा म्हणजे मुंज झाली, पण लग्न व्हायच्या आत गेला असा मुलगा. तो पिंपळावर राहतो. समंध म्हणजे ज्याच्यामागे वारस राहिला नाही, किंवा ज्याचा जीव धनात अडकला, असा माणूस. हडळ, अळवंत, जखीण ही बायकांच्या भुतांची नावं. मुलखामुलखात अर्थ थोडा बदलतो, पण बाळंतपणात गेलेली, छळाने गेलेली, इच्छा राहून गेलेली बाई असा त्यांचा गाभा आहे.

आता या यादीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. म्हातारपणी, नातवंडं बघून, अंथरुणावर शांतपणे गेलेल्या माणसाचं भूत सहसा होत नाही. ज्याचं काहीतरी अर्धवट राहिलं किंवा ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचंच होतं. म्हणजे भुताची गोष्ट ही गावाने स्वतःजवळ ठेवलेली एक नोंदवही आहे. कुणाचं देणं राहिलं, ते त्यात लिहिलेलं असतं. विहिरीत जीव दिलेल्या सुनेबद्दल चावडीवर कुणी बोलत नाही. पण तिन्हीसांजेला त्या विहिरीकडे जाऊ नको, असं मात्र पोराबाळांना सांगितलं जातं. गावाला सगळं माहीत असतं, फक्त ते भुताच्या भाषेत माहीत असतं.

म्हणून भुताच्या सिनेमाला पहिला प्रश्न हा विचारायचा, की या भुताचं काय देणं राहिलं आहे? या प्रश्नाचं उत्तर सिनेमाकडे असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर पांढरी साडी, मोकळे केस आणि उलटे पाय कितीही दाखवा, पंधरा मिनिटांत प्रेक्षक जांभया द्यायला लागतो.

मराठी सिनेमाने या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये भुताटकीमागे माणसाचाच हात निघतो. वसंत जोगळेकरांनी आधी भीती दाखवली आणि मग तिचा खुलासा केला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ आणि ‘पछाडलेला’मध्ये भूत विनोदाच्या अंगाने येतं, घाबरता घाबरता हसवतं. ‘लपाछपी’ यातलं काहीच करत नाही. इथे भूत खरं आहे, आणि त्याची चेष्टाही नाही.

गोष्ट थोडक्यात

नेहा आठ महिन्यांची गरोदर आहे. तिच्या नवऱ्याच्या, तुषारच्या मागे पैशांसाठी गुंड लागले आहेत. लपण्यासाठी तो तिला आपल्या ड्रायव्हरच्या, भाऊरावच्या गावी आणतो. उसाच्या फडात एकटं घर. भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाची सगळी काळजी घेते. नेहाला तिथे लपाछपी खेळणारी मुलं दिसतात, एक बाई दिसते, आवाज ऐकू येतात. या घरावर एका बाईची वाईट सावली आहे आणि पोटुशी बाईला तिच्यापासून धोका आहे, असं तिला सांगितलं जातं.

शेवटी कळतं ते उलटंच. ज्या बाईला सगळे भूत म्हणून घाबरतात, तिच्यावरच या घराने अन्याय केला आहे. या घरात मुलगी जन्माला आली की तिला जगू दिलं जात नव्हतं. नेहाचा नवराही या घराला परका नाही, तो इथलाच मुलगा आहे. नेहाला धोका भुतापासून कधी नव्हताच. धोका होता तो तिला जेवू घालणाऱ्या हातांपासून.

जमलेल्या गोष्टी

पहिली जमलेली गोष्ट म्हणजे जागा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणं सांगताना विचित्र आवाज, ओसाड घर आणि अरण्य यांची नावं घेतली आहेत. भुताचे सिनेमे शतकभर तेच वापरत आले आहेत. पडका वाडा, कुरकुरणारं दार, अमावास्येची रात्र. ‘लपाछपी’ने अरण्याच्या जागी ऊस आणला आणि पुष्कळसं काम दिवसाढवळ्या केलं. ऊस माणसाच्या दुप्पट वाढतो, वर्ष-दीड वर्ष उभा असतो, त्याची पानं अंगाला कापतात, आणि आत शिरलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. आपल्याकडे सोयाबीन. ते गुडघ्या-मांडीला लागतं, त्यात कोण लपणार? पण दिवाळीनंतर तूर डोक्याच्या वर गेली, की तिच्या तासांमधून एकटं चालताना मागे काहीतरी खसफसलं तर काय होतं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पडका वाडा सगळ्यांनी पाहिलेला नसतो, पण उभं पीक पाहिलेलं असतं. भीती ओळखीच्या जागेतून आली की ती घरापर्यंत सोबत येते.

दुसरी गोष्ट म्हणजे तुळसाबाई. उषा नाईक यांनी ही भूमिका ज्या संयमाने केली आहे, त्यावर सिनेमा उभा आहे. त्या ओरडत नाहीत, डोळे वटारत नाहीत. गरोदर बाईला खायला घालणं, तिची दृष्ट काढणं, इकडे जाऊ नको, तिकडे बघू नको म्हणणं, हे आपल्या प्रत्येक घरात घडतं. आई करते, सासू करते, शेजारची काकू करते. त्यातली माया कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो, हे ओळखणं सोपं नाही. सिनेमा तेच धूसर ठेवतो. दिवस भरत आलेली बाई आपल्याकडे माहेरी जाते. नेहा मात्र अनोळखी घरात, अनोळखी बाईच्या हाती आहे. हे ज्या क्षणी मराठी बाईच्या लक्षात येतं, त्या क्षणापासून ती घाबरायला लागते. तोपर्यंत भूत पडद्यावर आलेलंही नसतं.

तिसरी गोष्ट पूजा सावंत यांची. भयपटातली नायिका बहुतेक वेळा फक्त किंचाळण्यासाठी असते. इथे ती जड अंगाने चालते, दमते, शंका घेते, प्रश्न विचारते. आपल्याला वाटणाऱ्या भीतीचा हिशेब तिच्या श्वासावर चालतो.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भुताची बाजू बदलणं. पूर्वार्धात आपण भुताला घाबरतो, उत्तरार्धात भुतासाठी हळहळतो. शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर सिनेमा भयानकातून निघून करुणापर्यंत पोचतो. बरेच भयपट भयानकातून बीभत्सात घसरतात. रक्त, सडलेले चेहरे, किडे, की संपलं. करुणापर्यंत फार थोडे पोचतात. ‘लपाछपी’ पोचतो, आणि म्हणूनच तो बघून झाल्यावर लक्षात राहतो.

उणिवा

आता दुसरी बाजू. पहिली उणीव आवाजाची. भीती आणि दचकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागून कुणी जोरात ताट आपटलं तर तुम्ही दचकाल, पण त्याला भीती म्हणत नाहीत. ‘लपाछपी’ला शांततेतून भीती उभी करता येते, हे त्यानेच दाखवून दिलं आहे. तरीही अनेक ठिकाणी एकदम चढलेल्या पार्श्वसंगीताने प्रेक्षकाला दचकवण्याचा सोपा मार्ग घेतला आहे. दोन-तीन वेळा तसं झालं की प्रेक्षक आवाजाची वाट बघायला लागतो आणि पडद्यावरचं बघणं सोडतो.

दुसरी उणीव मधल्या भागाची. नेहा काहीतरी बघते, घाबरते, पळते, परत येते, तिला समजावलं जातं. हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. उसातून वाट न सापडणं ही कल्पना चांगली आहे, पण प्रत्येक फेरीत नवं काही कळलं पाहिजे. काही फेऱ्यांमध्ये ते कळत नाही.

तिसरी उणीव शेवटची. जे दृश्यांनी आधीच सांगून झालं आहे, ते शेवटी बोलून पुन्हा सांगितलं जातं. मुलगी नकोशी असणं हा अन्याय आहे, हे प्रेक्षकाला त्या घरात वावरताना कळलेलं असतं. त्यावर संवादांचा भार चढवला की गोष्टीचं भाषण होतं. आता भाषण करणाऱ्यानेच भाषणाला नावं ठेवावीत हे बरं दिसत नाही, पण सिनेमाचं काम वेगळं आणि व्याख्यानाचं वेगळं.

या तिन्ही उणिवा तंत्राच्या आहेत. चौथी तशी नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच खरी. या सिनेमात मुली मारणारे कोण आहेत? आडबाजूचं एक घर, तिथली जुनाट विचारांची म्हातारी, विहीर आणि अघोरी समजुती. शहरातला शिकलेला नवरा त्यात सामील आहे, हे दाखवून सिनेमाने फार खरी गोष्ट सांगितली होती. पण तो तिथे थांबत नाही. लगेच पुन्हा त्या घराकडे, त्या बाईकडे वळतो. आणि शहरातला, तालुक्याच्या गावातला, पक्क्या घरातला प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, की बापरे, कसली ही माणसं! म्हणजे आपण त्यातले नाही.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

आता वाशिमकडे येतो. आपला जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे २००१ची जनगणना ही स्वतंत्र जिल्हा म्हणून आपली पहिली. त्या वेळी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे नऊशेहून जास्त मुली होत्या. २०११ला तो आकडा ८६०च्या घरात आला. राज्याचा आकडाही त्याच काळात ९१३वरून ८९४वर घसरला, पण आपली घसरण त्याहून मोठी. निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. म्हणजे आपल्याकडे हजारामागे ऐंशी-नव्वद मुली कमी. त्या सगळ्या गर्भातच गेल्या असं म्हणता येणार नाही. आजारी मुलीला दवाखान्यात उशिरा नेणं, हेही त्या आकड्यात असतं. पण दहा वर्षांत एवढी घसरण आपोआप होत नाही.

यात विहीर कुठे आहे? अघोरी विधी कुठे आहे? जवळपास कुठेच नाही. गर्भलिंगनिदानाला यंत्र लागतं. यंत्र चालवायला शिकलेला माणूस लागतो. त्याची फी द्यायला हातात पैसा लागतो, आणि गाडी करून दुसऱ्या गावाला जावं लागतं. ही कामं आडरानातल्या म्हातारीच्या आवाक्यातली नाहीत. महाराष्ट्राने याविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा १९९४चा, तो १ जानेवारी १९९६पासून लागू झाला आणि २००३मध्ये आणखी कडक झाला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर गर्भलिंगनिदान इथे होत नाही अशी पाटी असते, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. एवढा बंदोबस्त ज्या गुन्ह्यासाठी करावा लागला, तो गुन्हा उजेडात, ट्यूबलाइटखाली, स्वच्छ खोलीत झालेला आहे.

आपल्या जुन्या भुतांच्या यादीकडे परत या. न लग्न झालेल्या मुलाला नाव आहे, मुंजा. बाळंतिणीला नाव आहे. जन्मायच्या आत घालवलेल्या मुलीला त्या यादीत नाव दिसत नाही. तिचं देणं कुणी नोंदवलंच नाही, म्हणून तिचं भूतही झालं नाही. ‘लपाछपी’ने मारलेल्या मुलींची नोंद घेतली, हे त्याचं मोठेपण. पण ती नोंद त्याने चुकीच्या पानावर केली.

२०११ला जी मुलं शून्य ते सहा वयाची होती, ती आता कॉलेजात आहेत, शेतात आहेत, काहींची लग्नाची बोलणी सुरू झाली असतील. मुलाला मुलगी मिळत नाही, हे वाक्य आता रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळतं. शेतकरी मुलगा नको, नोकरीवाला हवा, ही मुलींची अपेक्षा त्यामागे आहेच, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पण मुळात मुलीच कमी आहेत, हेही त्यामागे आहे. ते पारावर कुणी बोलत नाही.

मग असे सिनेमे अंधश्रद्धा वाढवतात का?

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून मीच घेतो. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हे त्यानुसार गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगणं गुन्हा नाही. फरक नीट लक्षात घ्या. गोष्टीतलं भूत आपल्याला काहीतरी आठवून देतं, मांत्रिकाचं भूत आपल्याकडून पैसे काढतं. सिनेमात संकटावर उपाय म्हणून मांत्रिक आला, त्याने मंत्र म्हटले आणि सगळं ठीक झालं, तर तो सिनेमा मांत्रिकाची जाहिरात करतो. ‘लपाछपी’त नेहाला वाचवतो तो तिचा स्वतःचा संशय. तिला सांगितलेली गोष्ट ती जशीच्या तशी मान्य करत नाही, शोध घेते, विचारते. भुताच्या सिनेमात चिकित्सा शिकवता येते, ती अशी.

एका श्रोत्याचा प्रश्न : मग घरच्यांसोबत भुताचा सिनेमा बघताना नेमकं काय तपासायचं?

तीन गोष्टी. एक, भीतीच्या जागी आवाज अगदी बारीक करून बघा. तरीही अंगावर काटा आला तर ते दिग्दर्शकाचं काम, नाही आला तर ते नुसतं ताट आपटणं. दोन, भुताला हवंय काय, हे एका वाक्यात सांगता येतं का बघा. येत असेल तर गोष्टीला पाया आहे. तीन, सिनेमा संपल्यावर दोष कुणाच्या पदरात पडला ते बघा. तो सगळाच्या सगळा दूरच्या, अडाणी, आपल्यासारख्या न दिसणाऱ्या माणसाच्या पदरात पडला असेल, तर सिनेमाने तुम्हाला घाबरवलं खरं, पण मोकळंही सोडलं.

‘लपाछपी’ पहिल्या परीक्षेत अर्धा उतरतो, दुसरीत पूर्ण उतरतो, तिसरीत कमी पडतो. तरी माझं म्हणणं असं, की ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघावा. शक्यतो घरातल्या मुलांसोबत, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलग्यांसोबत बघावा. आणि संपल्यावर तुळसाबाई किती वाईट, यावर न बोलता तिचा मुलगा गप्प का राहिला, यावर बोलावं. सिनेमाने सोडून दिलेलं काम तिथून पुढे आपल्याला करता येईल.